धडधड पकडायची ती इथेच

(अंबरनाथ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते हृदयरोगतज्ज्ञ नव्हते. स्टेशनजवळ त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि त्यात एका वेळी एकच रेघ काढणारं ईसीजीचं जुनं मशीन होतं. ‘डॉक्टर, छातीत धडधडतंय’ म्हणत कुणी आलं की ते आधी नाडी धरत, आणि माणसाचं बोलणं पुरं व्हायच्या आत मशीनचे पट्टे त्याच्या हातापायांना बांधलेले असत. निघालेली कागदी पट्टी कापून ते वहीत चिकटवत आणि शेजारी तारीख, वेळ आणि पेशंटला त्या क्षणी काय होत होतं ते लिहीत. आज मी जे सांगायला उभा आहे, ते सगळं या एका सवयीशी येऊन ठेपतं.

हृदयाच्या इतर दुखण्यांत आणि तालाच्या बिघाडात एक मोठा फरक आहे. रक्तवाहिनीत साठलेला अडथळा आज आहे तसा उद्याही सापडतो. खराब झालेली झडप महिन्याने तपासली तरी खराबच दिसते. तालाचा बिघाड मात्र येतो, माणसाला घाबरंघुबरं करतो आणि दहा-वीस मिनिटांत मागमूस न ठेवता निघून जातो. बदलापूरच्या बाईंना संध्याकाळी धडधड सुरू होते. घरचे म्हणतात, उगाच इथे कशाला, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातच नेऊ. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. लोकल पकडून, टॅक्सी करून, केसपेपर काढून आत जाईपर्यंत हृदय पुन्हा व्यवस्थित चालू लागलेलं असतं. ईसीजी नॉर्मल येतो. ‘टेन्शन घेऊ नका’ असा सल्ला मिळतो आणि सगळे शेवटच्या गाडीने परत येतात. त्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांची यात काहीच चूक नसते. त्यांच्यासमोर जे आलं, ते खरोखरच नॉर्मल होतं. निदान बदलापूरच्या स्टेशन रोडवरच्या दवाखान्यात झालं असतं, संध्याकाळी, धडधड चालू असताना.

आता हा ताल चालतो कसा, ते पाहू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे उजव्या कर्णिकेत, वरच्या बाजूला काही खास पेशींचा एक पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. ब्रिटनमध्ये कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचं वर्णन केलं. तो मिनिटाला साठ ते शंभर वेळा स्वतःहून विजेचा सूक्ष्म संदेश सोडतो, दिवसाला सुमारे एक लाख. हा संदेश दोन्ही कर्णिकांत पसरतो आणि मधल्या भिंतीतल्या एव्ही नोडपाशी येतो. हा दुसरा पुंजका तावारा या जपानी शास्त्रज्ञाने त्याच्या आदल्याच वर्षी शोधला होता. आपल्या भागातल्या माणसाला एव्ही नोड समजावायचा तर कल्याण जंक्शन डोळ्यांसमोर आणावं. कर्जतकडची आणि कसाऱ्याकडची गाडी तिथे येते, थोडी थांबते आणि सिग्नल मिळाला की पुढे जाते. एव्ही नोडही प्रत्येक संदेश सेकंदाचा दहावा भाग अडवून ठेवतो. तेवढ्या वेळात वरच्या कप्प्यांतलं रक्त खाली उतरतं आणि मग खालचे कप्पे आकुंचन पावतात.

तालाचे बहुतेक बिघाड या वाटेवरच होतात. संदेश भलत्या जागेहून निघतो, किंवा एकाच जागी गोल गोल फिरत राहतो, किंवा वाटेत अडकतो.

सगळ्यांत जास्त लोक ज्या तक्रारीने येतात ती म्हणजे ‘ठोका चुकतो’. खरं तर बहुतेक वेळा ठोका वेळेआधी पडलेला असतो. तो इतका लवकर पडतो की हृदयात पुरेसं रक्त भरलेलंच नसतं, म्हणून मनगटाला जाणवत नाही. मग थोडी विश्रांती होते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. छातीत ‘धप्’ झाल्यासारखं वाटतं ते त्या पुढच्या ठोक्यामुळे. रात्रपाळी, अपुरी झोप, दारू, ताप, वाढलेला थायरॉइड, जुलाब-उलट्यांनी कमी झालेलं पोटॅशियम, यांतल्या कशानेही असे ठोके वाढतात. एमआयडीसीत आलटूनपालटून पाळ्या करणाऱ्यांना मी आधी झोपेचं विचारतो, औषधाचं नंतर. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला असेल तर या ठोक्यांनी जिवाला धोका नसतो. काळजी कधी करायची? चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, धावताना किंवा व्यायामात धडधड झाली असेल, घरातलं कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलेलं असेल, किंवा चोवीस तासांच्या नोंदीत दहा टक्क्यांहून जास्त ठोके असे निघाले असतील, तर. अशा वेळी ‘काही नाही हो’ म्हणून सोडू नये.

ज्या आजारावर मला जरा जास्त वेळ बोलायचं आहे त्याला डॉक्टर एसव्हीटी म्हणतात. यात संदेश एव्ही नोडच्या आसपास, किंवा जन्मतः राहून गेलेल्या एका जादा वाटेने, गोल फिरत राहतो. ठोके एकदम १६०, १८०, कधी २०० च्या वर जातात आणि बटण बंद व्हावं तसे एकदम थांबतात. यातला सर्वांत नेहमीचा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये साधारण दुप्पट दिसतो. आणि त्याच बायकांना ‘तुमच्या मनाचं आहे’ असं ऐकून घ्यावं लागतं. अमेरिकेत १९९७ साली एसव्हीटीच्या १०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक लोकांमध्ये पहिल्या तपासणीत हा आजार ओळखलाच गेला नव्हता. लक्षणं मोजली तर त्यातले दोन तृतीयांश पॅनिकच्या व्याख्येत बसत होते. घाबरल्यामुळे धडधड होते हे खरं आहे. पण मिनिटाला १९० ठोके पडल्यावर कोण घाबरणार नाही?

उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये घरोघरी शिलाईचं काम चालतं. मशीनवर बसलेली, तिशी-पस्तिशीची बाई, वाकून खाली पडलेली रीळ उचलते आणि धडधड सुरू होते. गळ्यापाशी काहीतरी उडतंय असं ती सांगते. थांबल्यावर तिला भरपूर लघवीला होते. वाकल्यावर सुरू होणं, गळ्यात जाणवणं, नंतर लघवी होणं, ही तिन्ही लक्षणं तिने सांगितली की डॉक्टरने कान टवकारले पाहिजेत. सासूबाई म्हणतात, अशक्तपणा आहे, लिंबूपाणी दे. आणि वर्षं निघून जातात.

ही धडधड थांबवायचा एक साधा उपाय आहे. दहा मिलिलिटरच्या सिरिंजच्या टोकातून, दट्ट्या हलेल इतक्या जोराने, पंधरा सेकंद फुंकायचं, लगेच आडवं पडायचं, आणि दुसऱ्याने पाय पंचेचाळीस अंशांत उचलून पंधरा सेकंद धरायचे. इंग्लंडमध्ये २०१५ साली ४२८ रुग्णांवर ही पद्धत तपासली गेली. नुसतं बसून फुंकण्याने १७ टक्के लोकांची धडधड थांबली, पाय उचलल्यावर ४३ टक्के लोकांची. एक पैसा खर्च नाही. अर्थात हे पहिल्यांदा करायचं ते दवाखान्यात, डॉक्टरसमोर, आणि आधी ईसीजी काढून. याने थांबलं नाही तर ॲडिनोसिन नावाचं इंजेक्शन शिरेतून झपकन दिलं जातं. पाच-दहा सेकंद छाती दाबल्यासारखी वाटते, जीव खालीवर होतो, आणि ताल जागेवर येतो. पेशंटला हे आधी सांगून ठेवावं. न सांगता दिलं तर तो अनुभव फार भीतीचा असतो.

कायमचा उपाय म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात, आजार मुद्दाम सुरू करून संदेश कुठे फिरतो आहे ते शोधतात आणि तेवढी काही मिलिमीटरची जागा उष्णतेने निकामी करतात. पेशंट बहुधा जागा असतो, डॉक्टरांशी बोलत असतो. शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांचा हा आजार एका खेपेत जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस घरी येतो. एव्ही नोडला इजा होऊन पेसमेकर लागण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी असते, पण असते, आणि ती सही घेण्याआधी नीट सांगितली गेली पाहिजे. पूर्ण बऱ्या होणाऱ्या हृदयविकारांची यादी फार लहान आहे. त्यात हा आजार आहे, आणि तरीही बायका दहा-दहा वर्षं तो अंगावर काढतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे सगळं अवलंबून असतं त्या कागदी पट्टीवर. म्हणून पट्टीबद्दल थोडं बोलतो.

ईसीजीचं यंत्र नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइंटहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभं केलं. ते पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचं होतं, चालवायला पाच माणसं लागत, आणि पेशंटला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे. ते यंत्र प्रयोगशाळेत आणि पेशंट दीड किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात. मग त्यांनी १९०५ साली टेलिफोनच्या तारेतून पेशंटच्या हृदयाचा विद्युतसंदेश प्रयोगशाळेत आणला. पेशंटला यंत्रापाशी न्यायच्या ऐवजी त्याची नोंद पाठवायची, ही कल्पना इतकी जुनी आहे. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. आज कुळगावातला डॉक्टर ईसीजीचा फोटो व्हॉट्सॲपवर मुंबईच्या तज्ज्ञाला पाठवतो तेव्हा तो आइंटहोव्हनचंच काम पुढे नेत असतो.

आता एक अगदी व्यवहाराची गोष्ट. ईसीजीचा कागद बहुतेक वेळा थर्मल असतो, बसच्या तिकिटासारखा उष्णतेने उमटणारा. तो प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला की वर्ष-दोन वर्षांत फिकट होतो. आपल्याकडे महत्त्वाचा कागद म्हणजे लॅमिनेट करायचा, असा रिवाज आहे. थर्मल ईसीजी लॅमिनेशनच्या मशीनमधून काढला की सबंध काळा पडतो. आयुष्यात एकदाच पकडलेली धडधड मायेने, काळजीने लॅमिनेट करून काळी कुळकुळीत झालेली मी पाहिली आहे. तेव्हा ईसीजी निघाला की लगेच उजेडात, सपाट ठेवून मोबाइलने फोटो काढा. नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे. साधी झेरॉक्सही काढून ठेवा. आणि डॉक्टर बांधवांना विनंती, औषधाने ताल सुधारल्यावर काढलेला छान ईसीजी फाइलला लावून आधीचा फेकून देऊ नका. पुढच्या तज्ज्ञाला आधीचाच हवा असतो.

धडधड रोज येत असेल तर होल्टर लावतात. नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाचं पहिलं उपकरण पाठीवर घ्यायचं होतं, ३८ किलोचं. आज ते खिशात मावतं आणि एक दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत नोंद करतं. होल्टर लावल्यावर घरी झोपून राहू नका. रोजची लोकल पकडा, जिने चढा, पाणी भरा, आणि काही जाणवलं तर वेळ लिहून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच धडधड येत असेल, तर जवळचा ईसीजी असलेला दवाखाना आधीच हेरून ठेवणं हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

पेशंटजवळचा डॉक्टर किती मोठं काम करू शकतो याचं उदाहरण आपल्याच कोकणात आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर नेमणुकीवर आले. लाल विंचू चावलेली माणसं तिथे मरत होती. बावस्करांनी रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, ईसीजी टिपले आणि दाखवून दिलं की विंचवाच्या विषाने शरीरात उसळणारी रसायनं हृदयावर घाला घालतात. ठोके भरकटतात, फुप्फुसांत पाणी भरतं. त्यांच्या नोंदी ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी वापरात आणलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम मुंबईत बसून होण्यासारखं नव्हतं.

आता वेगळ्या, अधिक गंभीर विषयाकडे येतो. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ. यात कर्णिकांमध्ये मिनिटाला साडेतीनशेहून जास्त विस्कळीत संदेश उठतात. कल्याणला सगळ्या दिशांनी एकदम गाड्या याव्यात आणि जमेल तेवढ्याच पुढे सोडाव्यात, तसं एव्ही नोडचं होतं. नाडी कुठल्याच हिशेबात बसत नाही. बोट ठेवलं की कळतं. खरा धोका ठोक्यांच्या वेगाहून वेगळाच असतो. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचतं, त्याची गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. एएफमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. रक्तदाब, मधुमेह, वय, घोरणं आणि दारू ही त्याची नेहमीची कारणं.

पण आपल्याकडे एक जुनं कारण अजून आहे, ते म्हणजे संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप. उल्हासनगर ज्या जागेवर उभं आहे तिथे दुसऱ्या महायुद्धात लष्कराची कल्याण कॅम्पची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच बराकींत राहिली आणि १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेतल्या वायोमिंगच्या वॉरन या हवाई तळावर डॉक्टर बराकींतल्या जवानांचे घसे तपासत होते. दाटीवाटीने झोपणाऱ्या तरुणांमध्ये घशाचा एक संसर्ग पसरतो आणि त्यातल्या काहींना संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप बिघडते, हे माहीत होतं. १९५० साली त्यांनी सिद्ध केलं की घसा दुखतानाच पेनिसिलीन दिलं तर तो ताप टळतो. एका खोलीत सहा-सात माणसं झोपणारी घरं अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या आपल्या तिन्ही शहरांत आजही आहेत. म्हणून शाळकरी मुलाचा घसा दुखून ताप आला, आणि दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजले, तर त्याला ‘वाढीचं दुखणं’ समजू नका. आणि ज्यांना दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन सांगितलं आहे त्यांनी ते चुकवू नका. दुखतं खरं, पण तिशीतलं ऑपरेशन त्याने वाचतं.

एएफमध्ये गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारं औषध द्यावं लागतं. ॲस्पिरिन त्यासाठी पुरत नाही. नव्या गोळ्यांना वारंवार रक्त तपासावं लागत नाही, म्हणून त्या लोकप्रिय झाल्या. पण संधिवाताने झडप आकुंचित झालेल्यांसाठी २०२२ साली मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. २४ देशांतले साडेचार हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते. त्यांच्यात वॉरफरिनसारखं जुनं औषधच सरस ठरलं, मृत्यू कमी झाले. तेव्हा शेजारणीची नवी गोळी बघून आपली बदलू नका. ही जुनी गोळी घेणाऱ्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, तपासत राहायचं, बहुतेकांसाठी तो दोन ते तीनच्या मध्ये हवा. मेथी, पालक सोडायची गरज नाही. आठवडाभर काहीच नाही आणि श्रावणात रोज पालेभाजी, असं मात्र करू नका, प्रमाण सारखं ठेवा. आणि अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, पोटात रक्तस्राव होतो.

ताल मंदावण्याचा आजार थोडक्यात सांगतो. वाटेत संदेश अडकला की ठोके तीस-पस्तीसवर येतात, आजोबा बाथरूममध्ये कोसळतात. पेसमेकरने हा प्रश्न सुटतो. पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना बसवला गेला आणि तो काही तासांतच बंद पडला. पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत लार्सन ८६ वर्षांचे होऊन २००१ साली गेले. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसतो, तेव्हा पैशासाठी थांबू नका, रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा. पेसमेकर असलेल्या माणसाचं निधन झालं तर अंत्यसंस्काराआधी तो काढून घ्यावा लागतो, कारण आगीत बॅटरीचा स्फोट होतो. स्मशानात नेण्याआधी डॉक्टरांना आठवणीने सांगा. वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात अमेरिकेतल्या मृत रुग्णांच्या घरच्यांनी दिलेली अशी उपकरणं निर्जंतुक करून गरीब रुग्णांना बसवली गेली. शॉक देणाऱ्या उपकरणांबद्दलचा त्यांचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात ८१ रुग्ण होते आणि जंतुसंसर्ग एकालाही झाला नव्हता. अनोळखी माणसाच्या छातीतून निघालेलं यंत्र इथल्या कुणाची तरी रोजीरोटी चालू ठेवतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्लॅटफॉर्मवर कुणी अचानक कोसळला, हलवून जागा होत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर नाडी शोधत बसू नका. एकाने १०८ लावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्या. शॉकचं मशीन येईपर्यंत थांबू नका. तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवू नका.

शेवटी एक मागणी, आणि ती इथल्या लोकप्रतिनिधींसमोर मुद्दाम करतो आहे. २०२४ साली अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे आठवड्यातून एक दिवस फक्त तालाच्या रुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालावा. गरजूंना होल्टर फुकट लावून मिळावं. आणि उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांनी मिळून, तिन्ही शहरांत किमान एका ठिकाणी, रात्री दोन वाजतासुद्धा धडधड चालू असताना ईसीजी काढून मिळेल अशी व्यवस्था करावी. मशीन आता महाग राहिलेलं नाही. ते चालवणारा माणूस रात्री हजर हवा आणि त्याच्या पगाराची तरतूद अर्थसंकल्पात हवी. किती माणसं लागतील, किती खर्च येईल, त्याचा कच्चा हिशेब मी आयोजकांकडे देऊन ठेवला आहे. प्रश्नांसाठी अर्धा तास आहे, सुरुवात मागच्या रांगेपासून करू.